उधारीच्या वहीला संगणकातले कुलूप

एकाच किल्लीने फाईल बंद करणे व उघडणे : व्यापारी व कारागिरांसाठी एक पाठ

दुकानात माल असतो, गल्ल्यात रोकड असते आणि कपाटात उधारीची वही असते. मालाला आणि रोकडीला आपण रोज रात्री कुलूप लावतो. वहीची तेवढी काळजी कोणी करीत नसे, कारण ती पाहायची तर माणसाला दुकानातच यावे लागे. आता ही वही संगणकात आणि मोबाईलमध्ये गेली आहे. दहा वर्षांची उधारी नखाएवढ्या मेमरी कार्डात मावते. संगणक दुरुस्तीला गेला, पेन ड्राइव्ह एस.टी.त राहिला किंवा जुना मोबाईल विकला, की सगळी वही आपल्या नकळत परक्याच्या हाती जाते.

त्या वहीत काय असते ते पाहा. पाटणच्या बाजारपेठेत भांड्यांचे, कापडाचे किंवा बांगड्यांचे दुकान असेल, तर ढेबेवाडी, मोरगिरी, तारळे, हेळवाक या बाजूंची गिऱ्हाइके त्यात नावानिशी असतात. कोणी लग्नासाठी भांडी उधार नेली, कोणाचा हप्ता थकला, कोणाचा मोबाईल नंबर काय, हे सर्व तेथे असते. ही गिऱ्हाइकाची अब्रू आहे आणि ती आपल्याकडे अमानत म्हणून ठेवलेली आहे. कारागिराच्या फाईलमध्ये मापे, मजुरीचे दर आणि घाऊक व्यापाऱ्याशी ठरलेले भाव असतात. ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले तर धंद्याचे नुकसान होते.

म्हणून फाईलला कुलूप कसे लावायचे हे आपण शिकू. साधा मजकूर न कळणाऱ्या मजकुरात बदलणे याला संगणकाच्या भाषेत एन्क्रिप्शन म्हणतात आणि तो पुन्हा मूळ रूपात आणणे याला डिक्रिप्शन. ज्या किल्लीने बंद केले त्याच किल्लीने उघडायचे, अशी जी पद्धत ती सममित पद्धत. घरच्या कुलपाची रीत हीच आहे. या पाठातून एक गोष्ट मनात पक्की करायची आहे : कुलपाची ताकद त्याची बनावट लपविण्यात नसते, किल्ली सांभाळण्यात असते.

दुकानातला जुना संकेत

गुप्त लेखन आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत सर्वांनी पाहिली किंवा ऐकली आहे. कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहिण्याचीही जुनी पद्धत आहे. दहा निरनिराळी अक्षरे असलेले वाक्य घ्यायचे आणि प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा. समजा आपण 'पाटण बाजार सुखद हो' हे शब्द घेतले. काना-मात्रा सोडून अक्षरे अशी होतात :

प १, ट २, ण ३, ब ४, ज ५, र ६, स ७, ख ८, द ९, ह ०.

आता २७५ रुपये खरेदीची साडी असेल तर चिठ्ठीवर 'टसज' लिहायचे, ३४० ची असेल तर 'णबह'. दुकानातल्या मुलाला वाक्य पाठ असते, म्हणून त्याला भाव कळतो. गिऱ्हाइकाला कळत नाही.

पण जे गिऱ्हाईक दहा चिठ्ठ्या नीट पाहील त्याला काय दिसेल? बऱ्याच चिठ्ठ्यांच्या शेवटी 'ह' आहे. भाव बहुधा शून्यावर संपतात, हे कोणालाही ठाऊक असते. म्हणजे 'ह' हा शून्य असणार. शेवटी त्याच्या खालोखाल 'ज' दिसला तर तो पाच. दोन अक्षरे सुटली की बाकीची सुटायला वेळ लागत नाही.

संकेत फोडण्याचे शास्त्र

हीच युक्ती साडेअकराशे वर्षांपूर्वी बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने शास्त्र म्हणून मांडली. अल-किंदी नवव्या शतकातले. तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, संगीत अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. गुप्त लेख उलगडण्यावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितले, की प्रत्येक भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात आणि काही क्वचित येतात. गुप्त लेखातील चिन्हे मोजा, त्या भाषेतल्या साध्या लेखातील अक्षरे मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. सर्वांत जास्त आलेले चिन्ह हे सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराच्या जागी असण्याचा संभव मोठा. गुप्त लेखनाला इंग्रजीत 'सायफर' म्हणतात. तो शब्दही अरबी 'सिफर', म्हणजे शून्य, यावरूनच गेला आहे.

महाराष्ट्रातही याचे मोठे उदाहरण आहे. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह, ही त्यांची रीत. पोथ्या शेकडो वर्षे जपल्या गेल्या, पण पंथाबाहेरच्या वाचकाला त्या कळत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि जुन्या मराठीचा मोठा ठेवा अभ्यासकांना खुला झाला.

यावरून काय शिकायचे? एका अक्षराला कायमचे एकच चिन्ह दिले की संकेत फार तर काही काळ टिकतो. चिकाटीने मोजणाऱ्यापुढे तो फुटतो.

आकड्यांची किल्ली

आता एक पायरी वर जाऊ. चिन्ह ठरवून देण्याऐवजी किल्लीचे आकडे मिळवू. उधारी २७५०० रुपये आहे आणि किल्ली ७३९१४ आहे असे समजा. खालीवर लिहून प्रत्येक घराची बेरीज करायची, पण हातचा घ्यायचा नाही. बेरीज दहाच्या वर गेली तर फक्त एकम स्थानचा आकडा लिहायचा.

मूळ आकडा : २ ७ ५ ० ०
किल्ली : ७ ३ ९ १ ४
बंद आकडा : ९ ० ४ १ ४

उघडताना उलट करायचे, म्हणजे त्याच किल्लीचे आकडे वजा करायचे. वजा जात नसेल तर दहा उसने घ्यायचे. ९ मधून ७ गेले, राहिले २. शून्यातून ३ जात नाहीत, म्हणून १० मधून ३, राहिले ७. अशा रीतीने २७५०० परत मिळतात. किल्ली एकच, कृती उलट. सममित पद्धतीचा सारा पाया एवढाच आहे.

येथे ७ हा अंक एकदा शून्य झाला आणि ० हा एकदा १ झाला, एकदा ४ झाला. म्हणजे एका आकड्याला एकच चिन्ह राहिले नाही. चिठ्ठीतला दोष गेला. पण ही किल्ली दुसऱ्या नोंदीला पुन्हा वापरली तर काय होते ते पाहा. दुसरी उधारी २७८०० आहे. त्याच किल्लीने तिचा बंद आकडा ९०७१४ येतो. आता ९०४१४ आणि ९०७१४ शेजारी ठेवले, की किल्ली माहीत नसलेल्यालाही कळते की दोन्ही रकमा सारख्याच आहेत, फक्त शेकड्याच्या घरात ३ चा फरक आहे. शिवाय रकमा शंभराच्या पटीत असतात असा कोणी अंदाज केला, तर शेवटच्या दोन घरांत मूळ शून्ये आहेत हे त्याला उमगते. मग तेथे दिसणारे १ आणि ४ हे किल्लीचेच आकडे आहेत. आपण कुलूप लावले आणि अर्धी किल्ली दाराला अडकवून ठेवली, असे झाले.

किल्ली मजकुराएवढी लांब, कोणत्याही क्रमाशिवाय निवडलेली आणि एकदाच वापरून टाकून दिलेली असेल, तर हे कुलूप फुटत नाही. हे गणिताने सिद्ध झाले आहे. पण दहा हजार अक्षरांच्या वहीसाठी तेवढीच लांब नवी किल्ली रोज कोण सांभाळणार? लहान किल्लीने मोठा मजकूर सुरक्षित बंद कसा करावा, हाच आजच्या कुलपांचा प्रश्न आहे.

अक्षरांचे आकडे कसे होतात

बेरीज-वजाबाकी आकड्यांची होते. मग नाव-गाव कसे बंद करायचे? आपल्याकडे अंकपल्लवी नावाची जुनी पद्धत होती. तिच्यात अक्षर कोणत्या वर्गातले, त्या वर्गात कितवे आणि त्याची मात्रा कोणती, हे आकड्यांनी सांगत. संगणकही अक्षरांना आकडेच देतो. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला साठवताना तीन आकडे लागतात. अशा प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात आणि तो ० ते २५५ पर्यंत असतो. 'पाटण' हा शब्द संगणकात असा दिसतो :

प : २२४, १६४, १७०
काना : २२४, १६४, १९०
ट : २२४, १६४, १५९
ण : २२४, १६४, १६३

बारकाईने पाहिले तर प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन आकडे तेच आहेत. देवनागरी अक्षराचा पहिला आकडा नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. वरच्या उदाहरणात शेवटच्या शून्यांनी जशी किल्ली उघडी पाडली, तशी मराठी मजकुरात हे ठरावीक आकडे किल्ली उघडी पाडतात. म्हणून 'मी स्वतःच बेरीज-वजाबाकीचा एक प्रोग्रॅम लिहिला आहे, तो कोणाला ठाऊक नाही' अशा भरवशावर मराठी वही ठेवू नये. अशी घरगुती कुलपे शिकण्यासाठी चांगली, तिजोरीला लावण्यासाठी नाहीत.

आजचे कुलूप

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी फ्रान्समध्ये एक नियम मांडला. गुप्त लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची सगळी चांगली कुलपे या नियमावर बनतात. त्यांची रचना छापून जाहीर केलेली असते. जगभरचे गणिती ती फोडण्याचा प्रयत्न करतात आणि वर्षानुवर्षे जी टिकते तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

अमेरिकेने १९७७ साली डी.ई.एस. नावाचे असे कुलूप ठरवून दिले होते. त्याची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ५६ घरांची होती. १९९८ मध्ये एका खास बनविलेल्या यंत्राने किल्ल्या एकामागून एक लावून पाहत ते ५६ तासांत उघडले. पद्धतीची रचना ठीक होती, पण किल्ली तोकडी पडली. २००१ साली त्याच्या जागी ए.ई.एस. आले. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या बेल्जियमच्या दोघा शास्त्रज्ञांनी ते तयार केले आणि खुल्या स्पर्धेतून ते निवडले गेले.

ए.ई.एस. मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे करते. प्रत्येक तुकड्यातील आकडे एका ठरलेल्या तक्त्याप्रमाणे बदलायचे, मग ओळी सरकवायच्या, मग रकाने एकमेकांत मिसळायचे आणि मग किल्लीचा भाग मिळवायचा, अशा फेऱ्या होतात. १२८ बिटांच्या किल्लीला दहा आणि २५६ बिटांच्या किल्लीला चौदा फेऱ्या. पिंजारी कापूस पिंजताना प्रत्येक तंतू सुटा करून मिसळतो, तसे येथे होते. मूळ मजकुरात एक अक्षर बदलले तरी त्या तुकड्यातले जवळजवळ सारे आकडे बदलतात. १२८ बिटांच्या किल्ल्या किती होतात ती संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. त्या एकेक करून लावून पाहणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही.

प्रोग्रॅमचा क्रम

हे कुलूप आपण स्वतः बनवायचे नाही, तयार घ्यायचे. पायथॉन ही फुकट मिळणारी संगणकाची भाषा आहे. तिच्यासाठी 'क्रिप्टोग्राफी' नावाचा आज्ञांचा संच मिळतो, तोही फुकट. त्यात 'फर्नेट' नावाचे साधन आहे. ते १२८ बिटांचे ए.ई.एस. वापरते आणि फाईलवर एक मोहोरही करते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात. त्यांचा क्रम मात्र मराठीत समजून घ्यावा. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे एका दुपारी करून देईल.

किल्ली तयार करणे, फक्त एकदा :
१. फर्नेटला नवी किल्ली तयार करण्यास सांगा. ती ४४ अक्षरांची ओळ असते.
२. ती ओळ वेगळ्या पेन ड्राइव्हवर लिहा. वहीच्या संगणकावर ठेवू नका.

बंद करणे :
१. पेन ड्राइव्हवरून किल्ली वाचा.
२. उधारीची फाईल बाइटांच्या रूपात वाचा.
३. फर्नेटला ते बाइट आणि किल्ली देऊन बंद करायला सांगा.
४. आलेला मजकूर नव्या नावाच्या फाईलमध्ये लिहा. मूळ फाईलवर लिहू नका.
५. नवी फाईल लगेच उघडून पाहा आणि मूळ मजकुराशी ताडा.
६. दोन्ही तंतोतंत जुळले तरच मूळ फाईल काढून टाका.

उघडणे :
१. किल्ली वाचा. २. बंद फाईल वाचा. ३. फर्नेटला उघडायला सांगा. ४. मजकूर पडद्यावर दाखवा किंवा फाईलमध्ये लिहा.

पाचवी पायरी घाईत गाळू नये. वीज गेल्याने फाईल अर्धीच लिहिली गेली असेल तर ते येथेच कळते.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फर्नेट दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा मिसळते, म्हणून तीच फाईल दोनदा बंद केली तरी दोन निकाल वेगळे दिसतात. मघाशी पाहिलेला दोष यात नाही. दुसरे, किल्ली चुकीची असेल किंवा बंद फाईलमध्ये कोणी एक अक्षरही बदलले असेल तर मोहोर जुळत नाही. मग प्रोग्रॅम काहीही न उघडता चूक दाखवतो. हे चांगलेच आहे, कारण ५०० चे ५००० कोणी गुपचूप करू शकत नाही. तिसरे, बंद फाईल मूळ फाईलपेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी होते आणि ती केव्हा बंद केली ती वेळ तिच्यावर उघडी असते. चौथे, काढून टाकलेली फाईल डिस्कवरून लगेच पुसली जात नाही. म्हणून संगणक विकताना किंवा कायमचा देताना जुनी डिस्क काढून घ्यावी.

किल्ली कोठे ठेवावी

४४ अक्षरे पाठ होत नाहीत, म्हणून काहीजण पासवर्डवरून किल्ली तयार करतात. त्याची रीत अशी, की पासवर्डमध्ये 'सॉल्ट', म्हणजे मीठ, या नावाचा एक यादृच्छिक आकडा मिसळून त्यावर लाखो वेळा हिशेब करायचा. २०२३ नंतरच्या शिफारशीप्रमाणे यातील एका रूढ पद्धतीत किमान सहा लाख वेळा. चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढाच खटाटोप करावा लागावा, हा हेतू. पण पासवर्ड दुकानाचे नाव, मुलाचे नाव किंवा मोबाईल नंबर असेल तर हा सारा खटाटोप वाया जातो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द चांगले.

सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे. किल्ली हरवली तर वही गेली. या कुलपाला दुसरी किल्ली करणारा कारागीर नाही. म्हणून किल्लीच्या दोन प्रती कराव्यात आणि एक कागदावर लिहून ठेवावी. दोन्ही एका गावात ठेवू नयेत. पाटण तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे आणि घरे गेली. एक प्रत पाटणात, दुसरी कराडच्या विश्वासू नातेवाइकाकडे, असे करावे. कराडच्या हिशेबनिसाला फाईल पाठवायची असेल तर फाईल मोबाईलवरून जाऊ द्या, किल्ली मात्र हातोहात द्या. दोन्ही एकाच निरोपात पाठवणे म्हणजे पेटीवर किल्ली चिकटवून पेटी पाठवणे.

तेच कुलूप चोराच्या हाती

हे कुलूप चोरही वापरतात. २७ जून २०१७ रोजी 'नोटपेट्या' नावाचा संगणकी विषाणू जगभर पसरला. त्याने संगणकांतील फाईली अशाच सममित पद्धतीने बंद करून टाकल्या. मर्स्क या जहाज कंपनीला त्याची मोठी झळ बसली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरचे कामकाज अडले. सगळा माल जागेवर होता, पण कोणता डबा कोणाचा हे सांगणारी वहीच बंद झाली होती. मर्स्कची एक महत्त्वाची प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घानाच्या कचेरीत. तेथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्याबाहेर राहिला.

त्यांना योगायोगाने मिळाले ते आपण मुद्दाम करावे. वहीची एक बंद प्रत आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेन ड्राइव्ह संगणकातून काढून ठेवावा.

कुलूप म्हणजे लपवाछपवी नव्हे

येथे गैरसमज नको. जी.एस.टी.ची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवला पाहिजे आणि मागितल्यास दाखवला पाहिजे. 'किल्ली हरवली' हे उत्तर तेथे चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कायदेशीर कारणासाठी फाईल उघडून देण्यास सांगू शकते. दुसऱ्या बाजूने, २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने लोकांची माहिती बाळगणाऱ्यावर ती गळू न देण्याची जबाबदारी टाकली आहे. हिशेब हक्कदाराला दाखवता यावा आणि परक्याला दिसू नये, यासाठी हे कुलूप आहे.

घरी करून पाहावे

किल्ली ४८२६ आहे आणि बंद आकडा ६०७६ आहे. मूळ उधारी किती? हातचा न घेता वजा करून पाहा. उत्तर २२५० येईल. किल्लीचा शेवटचा आकडा आणि बंद आकड्याचा शेवटचा आकडा सारखाच का आला, हेही घरातल्या मुलांना विचारा. ज्याने याचे उत्तर दिले त्याला हा पाठ समजला. फर्नेटचा प्रोग्रॅम त्याच्याकडून लिहून घ्यावा, आधी खोट्या नावांच्या फाईलवर आठवडाभर वापरून पाहावा आणि मग खऱ्या वहीला हे कुलूप लावावे.